दुकानातलं पाणमांजर आणि विहिरीतलं कासव



आजचा लेख वर्गातल्या एका प्रश्नावरून सुरू होतो आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीपाशी जाऊन थांबतो. ती चूक ज्या क्रमाने माझ्या लक्षात आली, त्याच क्रमाने सांगते.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, डी.एड. पण साताऱ्यातच झालं. गेली काही वर्षं सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. श्रावणातली गोष्ट आहे. परिसर अभ्यासात प्राण्यांचा जीवनक्रम चालू होता. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू अशी साखळी फळ्यावर काढत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, जपानमध्ये दुकानात भुंगे विकत मिळतात. खोक्यात घालून. पाणमांजर पण मिळतं. मी मोबाईलवर बघितलंय."

सगळा वर्ग हसला. "भुंगा इकत? आमच्या रानात पोतंभर देतो की!" असं एकजण म्हणाला. मग दुसऱ्याने विचारलं, "मॅडम, सांगलीत कुठं मिळंल पाणमांजर?"

आपण अशा वेळी काय करतो? "पाठात लक्ष द्या" म्हणतो. मीही तेच म्हटलं. पण पोरांच्या डोक्यातून विषय गेला नाही आणि माझ्याही गेला नाही. घरी जाऊन वाचत बसले. दुसऱ्या दिवशी ठरवलं की हाच पाठ करायचा.

सुरुवात भुंग्यापासून केली, कारण तिथे आपली पोरं तज्ज्ञ आहेत. जपानमध्ये 'काबुतोमुशी' नावाचा शिंगवाला भुंगा आहे. काबुतो म्हणजे योद्ध्याचं शिरस्त्राण. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथली मुलं जाळी घेऊन रानात हे भुंगे पकडतात आणि शहरातली मुलं दुकानातून आणतात. सोबत प्लॅस्टिकचा डबा, माती आणि खायला जेलीच्या छोट्या वाट्या मिळतात. त्याची अळी पानं कुजून झालेल्या मातीत वाढते, पांढरी, जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली. मी फळ्यावर ती अळी काढली आणि अर्धा वर्ग ओरडला, "हुमणी!"

बरोबर ओळखलं होतं. आपल्या उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी आणि जपानी पोरांचा लाडका काबुतोमुशी हे एकाच कुळातले. फरक असा की काबुतोमुशीची अळी कुजलेला पाला खाते आणि हुमणी जित्या पिकाची मुळं. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात, बाभळीवर, कडुलिंबावर बसतात. मग शेतकरी फांद्या हलवून ते गोळा करतात, प्रकाश सापळे लावतात. वर्गातल्या निम्म्या पोरांनी हे काम केलेलं आहे. तिकडे पैसे मोजून घरी आणतात आणि इकडे रॉकेलच्या पाण्यात बुडवतात! पोरांना ही गंमत फार आवडली. आणि अंडी, अळी, कोष, भुंगा ही साखळी मला पुन्हा शिकवावी लागली नाही. पोरांनीच सांगितली.

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. मग पाणमांजर आलं.

मोबाईलवर दिसतं ते बहुतेक लहान नख्यांचं पाणमांजर. पाणमांजरांच्या जातींत सगळ्यात लहान. आशियातलं आहे, आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही राहतं. खेकडे, मासे खातं, कुटुंबाने राहतं, आपसात सतत आवाज करत बोलतं. जपानमध्ये ते टीव्हीवर आणि व्हिडिओंत इतकं गाजलं की लोकांना घरात हवंसं झालं. पाणमांजराचे कॅफे निघाले, म्हणजे चहा-कॉफी प्या आणि पाणमांजराला हात लावा. आता मागणी आली की माल आला. २०१७ साली बँकॉकच्या विमानतळावर एका जपानी विद्यार्थिनीच्या सामानात पाणमांजराची दहा पिल्लं सापडली. दहा! ती जपानला नेत होती. मी हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने हळूच विचारलं, "आणि त्यांची आई?"

मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. त्यांनाच विचार करायला सांगितलं. कुटुंबाने राहणाऱ्या प्राण्याचं पिल्लू उचलायचं, तर कुटुंब बघत बसेल का?

२०१९ साली जिनिव्हात झालेल्या परिषदेत भारताने इतर देशांबरोबर प्रस्ताव मांडला आणि या पाणमांजराला साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातलं गेलं. म्हणजे देशादेशांतला त्याचा व्यापार बंद. आपल्या तारा कासवाचं नावही त्याच परिषदेत त्याच परिशिष्टात गेलं. हे कासव 'नशीब उघडतं' म्हणून लपूनछपून विकलं जातं.

पालकांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. मोठ्या डोळ्यांचा एक छोटा प्राणी, लोरिस, गुदगुल्या केल्यावर दोन्ही हात वर करतो असा व्हिडिओ अनेकांनी बघितला असेल. मीही बघून हसले आहे, पुढे पाठवलाही आहे. तो हात वर करतो ते भीतीने. त्याच्या दंडापाशी एक ग्रंथी असते, तिचा स्राव लाळेत मिसळला की चावा विषारी होतो. हात वर करणं ही त्याची बचावाची तयारी. आपल्याला मात्र वाटतं, बघा कसा मजेत आहे.

आता मूळ मुद्दा. पोरांचा प्रश्न होता "कुठं मिळंल?" मला तो बदलायचा होता, पण उपदेश करून पोरं बदलत नाहीत हे तुम्हीही जाणता. म्हणून फळ्यावर चार रकाने आखले: कुठून आलं? काय खातं? केवढं होतं? किती वर्षं जगतं? डावीकडे प्राण्यांची नावं. ज्याचे चारही रकाने भरता येतील त्यालाच घरी आणायचं, असा खेळ.

काबुतोमुशीचे रकाने भरले. मोठा भुंगा एका उन्हाळ्यापुरताच जगतो, हे ऐकून दोघंजण हळहळले. पाणमांजर दोन रकान्यांत अडकलं. रोज एवढे खेकडे आणायचे कुठून? तेवढ्यात जत भागातून आलेला एक मुलगा उठला. त्याचे वडील मेंढरं घेऊन या बाजूला आलेले. म्हणाला, "मॅडम, माडग्याळ मेंढा लिहा." आणि धडाधडा सांगत सुटला. कुठला, तर माडग्याळचा, जत तालुका. नाक बाकदार, पाय लांब. काय खातो, कधी किती खातो, कोकरू असताना किती दूध पितं, कुठल्या पाल्याने पोट फुगतं, किती वर्षांनी दात पडतात. चारही रकाने भरून खाली ओळी वाढवाव्या लागल्या. चांगल्या मेंढ्याला लाखांत किंमत येते हेही त्याने छाती पुढे काढून सांगितलं. एरवी हा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. त्या दिवशी सगळ्यांत हुशार तोच होता. या एका गोष्टीसाठीसुद्धा हा पाठ घ्यावा असं मी म्हणेन.

मग मी रॅकूनची गोष्ट सांगितली. रॅकून म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, मांजरापेक्षा थोराड असा अमेरिकेतला प्राणी. १९७७ साली जपानमध्ये 'रास्कल' नावाच्या रॅकूनची कार्टून मालिका लागली. स्टर्लिंग नॉर्थ या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकावरची. एक मुलगा रॅकूनचं पिल्लू पाळतो अशी गोष्ट. सगळ्या पोरांना रॅकून पाहिजे झाला आणि अमेरिकेतून पिल्लं येऊ लागली. पिल्लू गोड असतं, पण मोठा रॅकून चावतो, ओरबाडतो, दार उघडतो, कशात ठेवला तरी बाहेर येतो. मालिकेच्या शेवटी तो मुलगा रॅकूनला रानात सोडून देतो. लोकांनीही तेच केलं. आता जपानच्या बऱ्याच भागांत ते रानटी झालेत. मका आणि कलिंगडं खातात, जुन्या लाकडी देवळांच्या छपरात घुसून नासधूस करतात. शेवटी २००५ पासून तिथे कायदाच लागू झाला, की असे परके प्राणी आणायचे नाहीत, पाळायचे नाहीत, सोडायचे नाहीत.

आणि मग मी उत्साहाच्या भरात पुढचं उदाहरण दिलं. लाल कानाचं कासव. मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. विकतात तेव्हा दोन बोटांएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा. जपानमध्ये ते इतकं घरोघरी गेलं आणि पुढे तळ्यांत, नद्यांत इतकं सोडलं गेलं की जून २०२३ पासून त्याची विक्री आणि सोडून देणं यावर तिथे बंदी आली. घरात आहे ते मरेपर्यंत सांभाळायची मुभा आहे.

"मॅडम," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आपल्या वर्गात पण तसलंच होतं की. लाल पट्टा होता. ते कुठं गेलं?"

माझा हात फळ्यावरच राहिला.

होतं. आदल्या वर्षी मीच आणलं होतं, सांगलीतून, दीडशे रुपयांना, काचेच्या भांड्यासह. 'वर्गात जिवंत प्राणी असावा, मुलांना निरीक्षणाची सवय लागावी' हा माझा हेतू. दुकानदाराने सांगितलं, एवढंच राहतं, वाढत नाही. मी एका शब्दानेही पुढे विचारलं नाही. डी.एड.ला आम्हाला निरीक्षण पद्धत शिकवली होती, मी ती दुकानात विसरून आले. पोरांनी त्याचं नाव ठेवलं, खायला घालायच्या पाळ्या लावल्या, वहीत चित्रं काढली. मार्चपर्यंत ते तळहाताएवढं झालं, भांड्यात फिरेना, पाण्याला वास येऊ लागला. उन्हाळ्याची सुट्टी लागली. मी माहेरी जाणार होते. एक पालक म्हणाले, "द्या मॅडम, मी बघतो." मी सुटकेचा श्वास सोडला आणि दिलं.

जूनमध्ये कळलं की त्यांनी ते गावच्या जुन्या विहिरीत सोडलं. त्यांचं काही चुकलं नाही. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात आणि बऱ्याच विहिरींत आपलं मऊ पाठीचं कासव असतंच. त्यांना वाटलं, जोडीला एक बरं. मला तेव्हाही थोडं खटकलं होतं, पण मी विषय काढला नाही. पोरांना 'ते घरी गेलं' असं सांगितलं होतं.

त्या दिवशी वर्गात मी खरं सांगितलं. सोपं नव्हतं. जपानच्या लोकांनी काय केलं हे तासभर ऐकवल्यावर, 'तेच मॅडमने केलं' हे सांगायचं. पोरांनी फळ्यावर कासवासाठी नवी ओळ काढली आणि मला रकाने भरायला लावले. कुठून आलं? दुकानातून, त्याच्या आधी माहीत नाही. तेव्हा मला माहीत नव्हतंच. केवढं होतं? मादीची पाठ पंचवीस-तीस सेंटीमीटरपर्यंत वाढते, म्हणजे भाकरीच्या परातीएवढी. किती वर्षं जगतं? वीस-तीस वर्षं, कधी जास्त. काय खातं? लहानपणी किडे, मासे, मोठेपणी वनस्पतीही. म्हणजे आपल्या कासवाच्या ताटातलंच. उन्हात शेकायला बसायची जागाही ते इतरांकडून बळकावतं. एक रकाना मी स्वतःच वाढवला, आजाराचा. या लहान कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्याने मुलांना जुलाब, ताप येतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचापेक्षा लहान पाठीचं कासव पाळायला म्हणून विकायला बंदी आहे ती याच कारणाने. लहान मुलं ते तोंडाजवळ नेतात. आणि मी ते चौतीस पोरांच्या वर्गात ठेवलं होतं! हात धुवायला लावत होते, तेवढंच काय ते नशीब.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी मधल्या सुट्टीत आली. "मॅडम, आमच्या आजीचा मिठू पिंजऱ्यात आहे. त्याचं काय?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. आपल्या रानातला पोपट, मग तो साधा असो की करण पोपट, पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. बाजारात ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक बजरिगर, मूळ ऑस्ट्रेलियातले, ते पाळायला चालतात. म्हणून लोकांचा गोंधळ होतो. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी घरात असतील तर त्यांचीही नोंदणी करावी लागते. शिराळा तालुका आपल्याच जिल्ह्यात आहे. नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुका, खेळ तिथे कसे चालत आणि न्यायालयाच्या आदेशानंतर कसे बंद झाले, हे इथल्या पोरांना घरूनच माहीत असतं. मांडूळही सगळ्यांना माहीत. बिनविषारी, उंदीर खाणारं, शेतकऱ्याचं काम करणारं जनावर. शेपूट बोथट म्हणून दुतोंड्या म्हणतात, आणि गुप्तधन मिळतं या थापेपायी लाखांचे सौदे ठरतात. सौदा करणारे सातारा-सांगलीत पकडले गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. दुकान जपानमध्येच असतं असं नाही.

पण आजी म्हणजे तस्कर नव्हे. मी त्यांच्या घरी गेले. मिठू अकरा वर्षांचा. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमी म्हंता ते खरं असंल. पर ह्यो उडायचं इसरलाय. सोडला तर मांजार खाईल. आन म्हातारा गेल्यापासनं घरात बोलाय मला ह्योच हाय."

मी त्यांना सोडून द्या असं म्हटलं नाही, तुम्हीही कुणाला म्हणू नका. इतकी वर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी एकदम बाहेर काढला तर तो खाणं शोधू शकत नाही. वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे, तिथे फोन केला तर ते पक्षी ताब्यात घेतात, तपासतात, हे मी सांगितलं आणि नंबर लिहून दिला. आजींनी तो कागद देवघरात ठेवला. फोन केला का, मी विचारलं नाही. मी स्वतःही केला नाही. कायद्याने बघाल तर मी चुकले, हे मला कळतं. वाचणाऱ्यांपैकी कुणी अशी वेळ नीट निभावली असेल तर मला खरंच ऐकायचं आहे. एवढं मात्र झालं, की त्या घरातल्या धाकट्याला वाढदिवसाला पोपट पाहिजे होता, तो बेत बारगळला. नातीनेच मोडता घातला.

तुम्ही हा पाठ घेणार असाल तर माझी एकच सूचना, चार रकान्यांत पहिल्यांदा स्वतःच्या घरातला प्राणी लिहा. शेळी, कुत्रा, माशांची टाकी, काहीही. जपान नंतर. मी उलट क्रमाने गेले म्हणून सगळं माझ्यावर आलं.

विहिरीतलं कासव अजून तिथेच आहे. वनविभागाच्या लोकांना सांगितलं, ते येऊन बघून गेले, पण त्या दिवशी ते वर आलंच नाही. आम्ही दोनदा जाळी लावून पाहिली, गावातल्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन. एकदा आपलं मऊ पाठीचं कासव अडकलं, ते लगेच सोडलं. दुसऱ्यांदा काहीच नाही. थंडीत सकाळी दहाच्या सुमाराला ऊन आतल्या तिसऱ्या पायरीवर येतं, तेव्हा ते तिथे मान ताणून बसलेलं दिसतं. पोरांनी एक वही केली आहे. दर सोमवारी दोघंजण माझ्याबरोबर कठड्यापाशी येतात आणि तारीख, वेळ, पायरीवर कोण बसलं होतं ते लिहितात. गेल्या सोमवारची नोंद अशी आहे: 'लाल पट्टावालं पायरीवर. आपलं पाण्यात, नुसतं नाक वर.'